‘विठ्ठल’ परत येत नाही तेव्हा: मराठी मजकूर वारंवार का बिघडतो आणि तो कसा दुरुस्त करायचा

रविवारी सकाळी सव्वासातला काकूंचा फोन आला. “अरे, माझ्या ओव्यांचं काय झालंय? पान उघडलं की नुसत्या किडामुंग्या दिसतायत. एक अक्षर मराठी नाही.”

“काकू, तुम्ही त्यात काही बदललं का?”

“काही नाही रे. आज पहाटे ताईनं फोनवर चार नव्या ओव्या सांगितल्या, त्या तेवढ्या टाकल्या. त्यांची तर नुसती प्रश्नचिन्हं झाली.”

काकूंनी नकळत निम्मं निदान करून दिलं होतं. जुन्या ओव्यांच्या किडामुंग्या आणि नव्या ओव्यांची प्रश्नचिन्हं, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला बरा होतो. दुसऱ्यात मजकूर गेलेला असतो.

मी तीन संकेतस्थळं सांभाळतो: गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची, आमच्या ट्रेकिंग गटाची वाटांची नोंदवही, आणि माझ्या स्वतःच्या हौसेचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. तिन्ही पीएचपी (पानं बनवणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (मजकूर साठवणारा डेटाबेस) यांवर चालतात, तिन्ही भाड्याच्या एकाच सर्व्हरवर. मराठी अक्षरं बिघडण्याचा प्रकार माझ्याकडे हा तिसऱ्यांदा झाला. पहिल्या दोन वेळा मी घाईघाईनं काहीतरी ठोकून वेळ मारून नेली होती. या वेळी आठवडाभर बसून मुळापर्यंत गेलो. तुमच्या मंडळाच्या, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या संकेतस्थळावर असं झालं असेल, तर पुढचं सगळं त्याच क्रमानं करून पाहा.

सगळ्यात आधी लिहिणं बंद करा

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे दुरुस्ती न करणं. संकेतस्थळ फक्त वाचण्यापुरतं ठेवा, नवी नोंद, संपादन, सगळं बंद. कारण बिघाड झाल्यापासून आत जाणारी प्रत्येक नोंद जुन्यांपेक्षा वेगळ्या प्रकारे साठवली जाते. एकाच तक्त्यात दोन-तीन प्रकारचा मजकूर मिसळला की सगळ्यांना एकच औषध देता येत नाही. काकूंचा फोन ठेवल्यावर मी आधी चहा ठेवला आणि मग सर्व्हर उघडला. त्या दहा मिनिटांत आणखी दोघांनी नोंदी टाकल्या होत्या. तो क्रम उलटा हवा होता.

मग आहे त्या बिघडलेल्या अवस्थेतच डेटाबेसची पूर्ण प्रत काढा. डेटाबेस थांबवून मूळ फायलींचीच नक्कल घेता आली तर उत्तम. मजकुराच्या रूपात काढलेला डंप वाटेत स्वतःचं भाषांतर करतो, आणि आपल्याला नेमकी तीच भीती आहे.

कचऱ्याचा चेहरा वाचा

बिघडलेलं मराठी पाच चेहऱ्यांनी समोर येतं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर ठणठणीत आहे, फक्त बघणाऱ्याच्या यंत्रावर फॉन्ट नाही. डेटाबेसला हात लावू नका.

साध्या कळफलकावरची रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं निरर्थक ओळीनं दिसत असतील, तर तो मजकूर कधी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) नव्हताच. श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्मरणिका कोणीतरी जशीच्या तशी चिकटवलेली असते. त्याला त्या-त्या फॉन्टचा परिवर्तक लागतो, तो विषय निराळा.

काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह, तेही ओळीच्या शेवटी एखादंच, म्हणजे अक्षर मध्येच कापलं गेलंय.

चौथा चेहरा काकूंच्या किडामुंग्यांचा. जवळून पाहिलं तर त्यात एक लय असते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ (à), त्याच्यामागे कधी चार टोकांचं छोटं वर्तुळ तर कधी जपानी येनचं चिन्ह, आणि मग एखादं तिसरं चिन्ह. हे त्रिकूट पुन्हा पुन्हा येतं. त्याचं कारण सरळ आहे. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची अक्षरं बाइटांत साठवण्याच्या रीतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो. दुसऱ्या बाइटच्या जागी दोनच पर्याय आहेत: स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांचा एक, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडायचं चिन्ह आणि आकडे यांचा दुसरा. म्हणून येनची चिन्हं जास्त दिसली की समजावं, इथं मात्रा आणि जोडाक्षरं भरपूर आहेत. ही लय शाबूत असेल तर बाइट बहुधा शाबूत आहेत. वाचणारा फक्त चुकीच्या चष्म्यातून बघतोय.

पाचवा चेहरा निखळ प्रश्नचिन्हांचा. जितकी चिन्हं तितकी प्रश्नचिन्हं. इथं भाषांतर करणाऱ्याला अक्षर मावलं नाही आणि त्यानं त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मूळ फेकून दिलं. डेटाबेसमधून ते परत मिळत नाही.

‘मराठी’ या एका शब्दाची परीक्षा

डोळ्यांवर फार विसंबू नका, कारण पानासोबत पाठवलेली वर्णसंच-घोषणा (बाइट कोणत्या अक्षर-तक्त्यानं वाचायचे हे सांगणारी ओळ) चुकली तरी असंच दिसतं, आणि सर्व्हरनं हेडरमध्ये पाठवलेली घोषणा पानातल्या मेटा टॅगपेक्षा वरचढ ठरते. डेटाबेसलाच विचारा. ग्रंथसूचीत ‘भाषा’ नावाचा रकाना आहे आणि बहुतेक पुस्तकांपुढे त्यात फक्त ‘मराठी’ लिहिलंय. मला आयती प्रयोगशाळा मिळाली. नोंद तिच्या क्रमांकानं निवडायची (मजकुरानं शोधायला गेलात तर शोधशब्दच वाटेत बिघडेल) आणि दोन आकडे मागायचे: अक्षरं मोजणाऱ्या फंक्शनचा आणि बाइट मोजणाऱ्या फंक्शनचा.

‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ, वेलांटी असा ५ चिन्हांचा. प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १५.

५ आणि १५ आले तर साठवण निरोगी आहे. दोष जोडणीत किंवा पानात शोधा.

१५ आणि १५ आले तर बाइट बरोबर आहेत, पण रकान्यावर पाटी चुकीची आहे. डेटाबेस त्याला युरोपी लॅटिन१ समजतोय आणि प्रत्येक बाइटला एक अक्षर मोजतोय.

१५ आणि ३१ आले तर दुहेरी भाषांतर झालंय. योग्य यूटीएफ-८ बाइटना लॅटिन समजून त्यांचं पुन्हा एकदा यूटीएफ-८ केलं गेलं. ३० का नाही, ३१ का, यावर मी बराच वेळ अडलो होतो. प्रत्येक लॅटिन चिन्हाचे २ बाइट होतात, पण दुसऱ्या वेलांटीचा शेवटचा बाइट तिथं युरोचं चिन्ह म्हणून वाचला जातो आणि युरोला ३ बाइट लागतात. तो जास्तीचा एक त्याचा.

५ आणि ५ आले तर ती प्रश्नचिन्हं आहेत.

मोठ्या मजकुरासाठी गुणोत्तर बघा: बाइट भागिले अक्षरं. तीनच्या थोडं खाली असेल तर निरोगी (मोकळ्या जागा आणि पूर्णविराम १ बाइटचे असतात), दोनच्या आसपास असेल तर दुहेरी, नेमकं एक असेल तर चुकीची पाटी किंवा प्रश्नचिन्हं. माझ्या ओव्यांच्या तक्त्यांत तिन्ही बिघाड सापडले. जुना तक्ता लॅटिन१ पाटीचा होता म्हणून १५-१५. मी नंतर ‘शहाणपणानं’ यूटीएफ-८ म्हणून बनवलेला दुसरा तक्ता १५-३१. आणि रविवारच्या नोंदी ५-५.

हे झालं कसं

मायएसक्यूएल मूळचं स्वीडनचं, आणि ५.७ आवृत्तीपर्यंत त्याचा न सांगता धरलेला वर्णसंच लॅटिन१ आणि त्याचा क्रम स्वीडिश होता. २०१८ मध्ये आलेल्या ८.० पासून तो यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) झाला. माझा पीएचपी कोड जुना. जोडणी उघडताना ‘मी अमुक वर्णसंचात बोलणार’ असं तो सांगतच नव्हता. न सांगितल्यास पीएचपीचा चालक सर्व्हरचा जो काही डिफॉल्ट असेल तो धरतो. म्हणजे इतकी वर्षं माझं संकेतस्थळ मराठी बाइट लॅटिन म्हणून आत टाकत होतं आणि लॅटिन म्हणूनच बाहेर काढत होतं. जाताना एक चूक, येताना तीच चूक, दोन्ही एकमेकींना झाकत होत्या. शनिवारी रात्री सर्व्हरवर ८.० आलं, येण्याच्या वाटेवरची चूक दुरुस्त झाली, आणि जाताना केलेली उघडी पडली.

आणि काकूंच्या नव्या ओव्या? त्या आता खऱ्या यूटीएफ-८ म्हणून निघाल्या आणि लॅटिन१ पाटीच्या रकान्यात पोचल्या. तिथं ‘व’ला जागाच नाही. कडक मोड चालू असता तर डेटाबेसनं नोंद नाकारून त्रुटी दाखवली असती, काकूंनी लगेच फोन केला असता आणि मजकूर त्यांच्या पडद्यावर तसाच राहिला असता. पण जुन्या कोडच्या कुरबुरी थांबवायला तो मोड मीच कधीतरी बंद केला होता. तो बंद असेल तर आजच चालू करा. नाकारलेली नोंद परत टाकता येते.

(तुमचं पीएचपी फार जुनं असेल तर ८.० शी जोडणीच होत नाही, ‘वर्णसंच २५५ माहीत नाही’ अशी तक्रार येते. त्यात मजकूर बिघडत नाही, म्हणून मी त्याला सौम्य आजार मानतो.)

१५-१५ची दुरुस्ती

इथं सगळ्यात मोठा सापळा आहे. इंटरनेटवर शोधलं की पहिली आज्ञा मिळते ती तक्ता ‘कन्व्हर्ट’ करण्याची. ती चालवलीत की १५-१५चा मजकूर १५-३१ होतो, कारण डेटाबेस इमानदारीनं लॅटिनचं भाषांतर करतो. माझा दुसऱ्या वेळचा ‘उपाय’ नेमका हाच होता.

बरोबर मार्ग असा: आधी रकाना बाइनरी प्रकारात न्या (टेक्स्ट असेल तर ब्लॉब, व्हारकॅर असेल तर व्हारबाइनरी), आणि तिथून यूटीएफ८एमबी४च्या टेक्स्ट किंवा व्हारकॅरमध्ये आणा. बाइनरीत गेल्यावर डेटाबेस अक्षरं विसरतो, नुसते बाइट उरतात, म्हणून भाषांतर होत नाही. परत आणताना फक्त नवी पाटी लागते. रकान्यावर फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर तो आधी काढावा लागतो, कारण ब्लॉबवर तो चालत नाही. ‘रिकामं चालणार नाही’ आणि डिफॉल्ट मूल्यं हीसुद्धा प्रत्येक आज्ञेत पुन्हा लिहावी लागतात, नाहीतर ती गळून पडतात.

दुसऱ्या पायरीला काही नोंदींवर ‘अयोग्य मजकूर’ म्हणून त्रुटी येईल. घाबरू नका, पण ती दाबूनही टाकू नका. लॅटिन१मधला २५५ अक्षरांचा रकाना म्हणजे प्रत्यक्षात २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. माझ्याकडे लांब शीर्षकं वर्षानुवर्षं तिथंच गुपचूप कापली जात होती, आणि मोकळ्या जागा १ बाइटच्या असल्यामुळे कात्री बऱ्याचदा अक्षराच्या मधोमध पडत होती. ते अर्धं अक्षर आता अडतं. बरोबर २५५ बाइटच्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढा, शेवटचं अर्धं अक्षर हातानं उडवा, आणि मूळ शीर्षक कुठून मिळतं ते बघा. वाचनालयाच्या बाबतीत ग्रंथपाल बाईंनी दाखल-नोंदवही काढून दिली आणि दोन संध्याकाळी आम्ही ते भरून काढलं.

लांब रकान्यांवर इंडेक्स असेल तर जुन्या रो-फॉरमॅटमध्ये ७६७ बाइटची मर्यादा आडवी येते. दर अक्षराला ४ बाइट धरले तर १९१ अक्षरं बसतात, म्हणून जुन्या कोडमध्ये १९१ हा आकडा दिसतो. डायनॅमिक फॉरमॅट वापरा, मर्यादा ३०७२ बाइटपर्यंत जाते.

१५-३१ची दुरुस्ती, आणि विठ्ठलाचं प्रकरण

दुहेरी भाषांतर उलट करायचं तर एक पायरी मागे जायचं: मजकूर लॅटिन१मध्ये बदला, तो बाइनरी म्हणून धरा, आणि यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचा. तिन्ही गोष्टी एकाच ओळीच्या आज्ञेत होतात.

पण ती सगळ्या तक्त्यावर चालवू नका. ज्या नोंदी आधीच निरोगी आहेत त्यांना लॅटिनमध्ये बदललं की त्यांची तिथंच प्रश्नचिन्हं होतात. निकाल नव्या रकान्यात लिहा, जुना तसाच ठेवा, आणि गुणोत्तर दोनच्या आसपास असलेल्याच नोंदी निवडा. त्रिकुटाची लय शोधून निवडणार असाल तर तुलना बाइनरी ठेवा, कारण उच्चारचिन्हांकडे दुर्लक्ष करणारं कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) तिरक्या रेघेच्या ‘ए’ला साधा ‘ए’च मानतं आणि तुम्हाला भलत्याच नोंदी पकडून देतं.

दुसरी ताकीद माझ्या अंगाशी आलेली आहे. ही दुरुस्ती मायएसक्यूएलच्या आतच करा. पहिल्या खेपेस, काही वर्षांपूर्वी, मी मजकूर बाहेर काढून पायथन भाषेतली छोटी स्क्रिप्ट लिहून तो उलटवला होता. बराचसा मजकूर परत आला, आणि मी खूश झालो. मग काकूंनी विचारलं, “सगळं आलं, पण माझा विठ्ठल कुठं गेला?”

मायएसक्यूएल ज्याला लॅटिन१ म्हणतं तो खरं तर विंडोजचा १२५२ वर्णसंच आहे. त्या संचात ५ जागा रिकाम्या आहेत. मायएसक्यूएल त्या जागांचे बाइट तसेच पुढे नेतं, पायथनचा १२५२ तिथं अडतो. त्रुटी नको म्हणून मी ‘चुका दुर्लक्षित करा’ असं सांगितलं होतं, तेव्हा त्यानं ते बाइट टाकून दिले. आता त्या ५ जागांवर देवनागरीतलं काय येतं ते पाहा: ए, ऐ, झ, पहिला उकार, चंद्रबिंदू, ॐ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. म्हणजे एकूण एक जोडाक्षर. ‘तुझ्या’ या शब्दातली सहापैकी तीन चिन्हं त्या एका फटक्यात जातात. ओव्यांमध्ये ‘तुझ्या’ आणि ‘माझ्या’ नाहीत अशा ओळी किती असतील?

विठ्ठल आणखी एका कारणानं गेला. ‘ठ’चा शेवटचा बाइट लॅटिनमध्ये न तुटणारी मोकळी जागा असतो आणि ‘भ’चा शेवटचा बाइट अदृश्य संयोगरेषा. बिघडलेला मजकूर एखाद्या एडिटरमधून किंवा ईमेलमधून गेला आणि त्यानं ‘सफाई’ म्हणून ती जागा साधी केली, संयोगरेषा गाळली, की ठ आणि भ कायमचे मेले. विठ्ठलात दोन ठ आणि मध्ये पाय मोडायचं चिन्ह. ‘मराठी’ही असाच जातो, ‘भाऊ’ही. तेव्हा किडामुंग्या दिसत असतील तर त्या कॉपी करून कोणालाही पाठवू नका, कुठल्याही दुरुस्ती-पानावर चिकटवू नका.

इमोजी आणि मोडी

मायएसक्यूएलमधला नुसता ‘यूटीएफ८’ नावाचा वर्णसंच अर्धवट आहे, तो ३ बाइटपर्यंतच जातो. देवनागरीला ३ पुरतात, म्हणून मराठी माणसाला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. मग कोणीतरी ट्रेकच्या वर्णनात मध्येच हात जोडल्याचं चिन्ह टाकतं. ते ४ बाइटचं. कडक मोड नसेल तर त्या चिन्हापासून पुढचा सगळा मजकूर गायब होतो. “मी एवढं लिहिलं होतं, अर्धंच दिसतंय” अशी तक्रार आली की त्या जागी आधी इमोजी होता का ते विचारा.

मोडी लिपीचंही तेच. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली ७.० आवृत्तीत जागा मिळाली, पण ती ४ बाइटच्या मुलखात. नोंदवहीत एका सदस्यानं किल्ल्यावरच्या कागदाचं वाचन मोडीतच टाइप करून दिलं आणि ते टिकलं नाही, तेव्हा मला हे कळलं. उपाय एकच, यूटीएफ८एमबी४. तो मायएसक्यूएल ५.५.३ पासून, म्हणजे २०१० पासून उपलब्ध आहे, त्यामुळे थांबण्याचं कारण उरलेलं नाही.

दुरुस्त करूनही महिन्यानं परत बिघडतं तेव्हा

हा निराळाच प्रकार: ग्रंथसूची दर महिन्याला बिघडायची, तीही फक्त नव्या पुस्तकांची. डेटाबेस तपासून थकलो. शेवटी वाचनालयात जाऊन ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसलो. त्या माझ्या पानावरून सीएसव्ही फाइल उतरवत, एक्सेलमध्ये डबल-क्लिकनं उघडत, नवी पुस्तकं खाली लिहीत आणि परत चढवत. माझी फाइल सुरुवातीला यूटीएफ-८ची खूण देत नव्हती, त्यामुळे एक्सेल तिला यंत्राच्या जुन्या वर्णसंचात उघडत होतं. जुन्या ओळी बिघडलेल्या दिसत, पण त्यांना वाटे “ते असंच असतं”. आणि साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केलं की त्यांनी टाइप केलेली नवी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडत.

मी दोन बदल केले: फाइलच्या सुरुवातीला खूण घातली, आणि चढवताना फाइल वैध यूटीएफ-८ नसेल किंवा शीर्षकात सलग तीन प्रश्नचिन्हं असतील तर ती नाकारली. बाईंना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा जतनाचा पर्याय दाखवला. तेव्हापासून तक्रार नाही. वारंवार येणारा बिघाड नेहमी ठरावीक वेळीच येत असेल तर त्या वेळी कोण काय करतं ते प्रत्यक्ष बघा. मी ते दोन महिने आधी करायला हवं होतं.

मजकूर बरा झाला, पण शोध लागत नाही

हे दुखणं वेगळं, पण लोक त्याच दमात सांगतात. ट्रेकिंगच्या नोंदवहीत ‘दऱ्या’ शोधलं तर निम्म्याच नोंदी येत. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ‘ऱ’ आणि पाय मोडून, किंवा साधा ‘र’, पाय मोडून आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला एकच, बाइट वेगळे. त्यात माझ्या एका जुन्या सफाई-फंक्शननं ‘अदृश्य कचरा’ म्हणून ती जोडचिन्हं काढून टाकली होती, त्यामुळे कित्येक वर्णनांत ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला होता. अर्थच बदलला. मराठी मजकुरातून ते अदृश्य चिन्ह कधीही काढू नका.

‘ॲप’ तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं: अ वर चंद्र देऊन, हिंदी कळफलकावरच्या ‘ऍ’नं, आणि २००८च्या युनिकोड ५.१मध्ये आलेल्या स्वतंत्र ‘ॲ’नं. युनिकोडचं प्रमाणित सामान्यीकरण या तिघांना एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. ‘ऑ’चंही तसंच, आणि विसर्गाऐवजी सरळ अपूर्णविराम टाइप केलेल्या ‘दुःखा’चंही. मी मूळ मजकुराला हात न लावता शेजारी एक शोध-रकाना ठेवला आहे. त्यात हे सगळे पर्याय एका रूपात आणतो, आकडेही एकाच लिपीत करतो, आणि शोधशब्द त्याच गाळणीतून काढतो.

टॅगच्या पत्त्यात ‘मराठी’चं ‘मर-ठ’ झालेलं दिसलं तर दोष ‘शब्दातलं अक्षर’ ओळखणाऱ्या नमुन्याचा. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं धरलीच जात नाहीत. नमुन्यात ही चिन्हं वेगळी जोडा.

आणि सारांश कापताना बाइट मोजून कापू नका. पीएचपीचं साधं सबस्ट्र बाइट मोजतं, त्याचं मल्टिबाइट भावंड चिन्हं मोजतं. तेही ‘क्षि’ मधोमध तोडू शकतं, म्हणून मी शब्दाच्या सीमेपर्यंत मागे जातो.

सध्या कुठवर आलंय

तिन्ही संकेतस्थळांचे तक्ते आता ५-१५ आहेत. जोडणी उघडताच वर्णसंच सांगितला जातो, कडक मोड चालू आहे. डेटाबेसमध्ये एक पहारेकरी नोंद ठेवली आहे: त्यात मराठी, विठ्ठल, तुझ्या, भाऊ, ऐक, एक, चंद्रबिंदू, ॐ, दोन्ही प्रकारचा ‘दऱ्या’, एक इमोजी आणि मोडीतला ‘अ’ आहे. रोज रात्री बॅकअप दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरला जातो आणि ती नोंद बाइट-बाइट तपासली जाते. फरक पडला तर मला संदेश येतो. पहिल्याच रात्री आला. विंडोजवरच्या पॉवरशेलमधून बाणाच्या चिन्हानं काढलेला डंप यूटीएफ-१६ झाला होता. आता डंप थेट सर्व्हरवरच फाइलमध्ये काढतो.

रविवारच्या प्रश्नचिन्हांपैकी बाकीच्या दोघांनी आपला मजकूर पुन्हा टाकला. काकूंच्या चार ओव्यांसाठी मी माझी मेलपेटी उघडली. प्रत्येक नव्या नोंदीची सूचना मला मेलनं येते, आणि ती डेटाबेसमध्ये जाण्याआधीच्या मजकुरातून बनते. तुमच्याकडे अशी सोय असेल तर हरवलेला मजकूर आधी तिथं शोधा, मग वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या ठिकाणी). चारही मिळाल्या. पण सूचनेत मी पहिले २०० बाइटच पाठवत होतो, साध्या सबस्ट्रनं कापून. तीन ओव्या त्यात बसल्या. चौथी लांब होती, तिचा शेवटचा चरण अर्ध्या अक्षरावर थांबला आहे.

काकूंना फोन केला. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्या शब्दापुढे सरकेना. ताईंनाही फोनवर आठवेना. “असं बसल्या बसल्या नाही येत रे,” काकू म्हणाल्या. “जातं फिरलं की आपोआप येतं.” त्यांचं जातं अजून माजघरात आहे. येत्या रविवारी ताई येणार आहेत, मीही रेकॉर्डर घेऊन जातो आहे, आणि दळायला दोन किलो नाचणी.